ढब्बू अस्वलासाठी वार्षिक पास

"सहा वेळा गेलीस की पास वसूल," बुटकी म्हणाली. "त्यापुढं वर्षभर फुकट. पण थोरले, तुला तिथं करायचंय काय? उंच पाळण्यात तुला गरगरतं, पाण्यातल्या होडीत तुझ्या पोटात ढवळतं. मग त्या पासाचं काय लोणचं घालणार आहेस?"

"अस्वल बघणार," थोरली म्हणाली आणि तिनं दातांनी दोरा तोडला.

दोघी पडदे शिवायच्या कारखान्यात कामाला होत्या. थोरली मशीनवर, बुटकी कापड बेतायला. कापायचं टेबल बुटकीच्या छातीपर्यंत यायचं, म्हणून ती पायाखाली खोका घेऊन उभी राहायची आणि त्या खोक्यावरून साऱ्या जगाला सल्ले द्यायची. थोरली तिच्या घरची थोरली सून. घरातलं झाडून सगळं ती बुटकीला सांगत आलेली, त्यामुळं कारखान्यातही तिला सगळे थोरलीच म्हणत.

"तीन शनिवार अस्वलच बघितलंस. अजून मन भरलं नाही?"

"आत्ता कुठं रंगात आलेय मी."

"अगं, पण दर खेपेला तिकीट काढून..."

"म्हणून तर पासाचं विचारतेय ना तुला."

बुटकीनं कात्री खाली ठेवली. त्या अस्वलाच्या पोटात कोण आहे, ते तिला ठाऊक होतं. थोरलीचा धाकटा दीर होता.

थोरली लग्न होऊन आली तेव्हा हा दीर शाळेत जायचा. त्याच्या डब्यापासून बुटाच्या नाडीपर्यंत सगळं तिनं केलं. पुढं तो मोठा झाला, दूर राहायला गेला, सोफे विकायचं दुकान टाकलं. जीभ अशी गोड की माणूस उशी घ्यायला यायचा आणि सोफा घेऊन जायचा. इकडं थोरलीचा नवरा वारला आणि सासूचं सगळं तिच्या एकटीवर आलं. सासूनं शेवटचं अंथरूण धरलं तेव्हा तिनं दिराला फोन केला. "भाऊजी, आता फार वेळ नाही. या तुम्ही."

"निघालोच वहिनी," तो म्हणाला.

आला नाही. कुठल्याशा हॉटेलवाल्याशी मोठा सौदा जुळत होता. म्हातारी दाराकडं बघत गेली.

एवढ्यावरच थांबलं असतं तर थोरलीनं ते पोटात घातलं असतं. पण दुसऱ्या दिवशी तो आला. घरभर माणसं बसलेली. सगळ्यांसमोर ढसाढसा रडत तो म्हणाला, "मला कुणी कळवलंच नाही हो! कळवलं असतं तर अनवाणी धावत आलो असतो." थोरलीनं तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानं तिच्यासमोर हात जोडले. "राहू द्या वहिनी. मी तुम्हाला दोष देत नाही."

केलं त्यानं, आणि त्याची माफी दिली तिला! तीही चारचौघांत! नणंदेनं भावाला कवटाळलं आणि थोरलीकडं पाठ फिरवली ती फिरवलीच. नणंद म्हणजे त्या घराचं तोंड. ती बोलेनाशी झाली तशी सगळी भावकी बोलेनाशी झाली. आईच्या मरणाची वर्दी मुलाला न देणारी बाई, एवढीच तिची ओळख उरली. फोनमधली नोंद दाखवता आली असती. पण मयताच्या घरात पुरावे काढून बसली, हेही मग तिच्याच कपाळी आलं असतं.

पुढं काही काळानं कानावर आलं की सोफ्यांचं दुकान बुडालं आणि दीर गावाबाहेरच्या मोठ्या खेळांच्या बागेत ढब्बू अस्वल झालाय. ढब्बू म्हणजे त्या बागेची शान. निळी फर, टेबलाएवढं डोकं, कायमचं हसणारं तोंड. पोरं पाळण्याच्या आधी ढब्बूकडं पळायची. आणि बागेचा नियम असा कडक, की ढब्बूनं बोलायचं नाही, लोकांसमोर डोकं काढायचं नाही आणि रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही मिठी नाकारायची नाही.

हा नियम ऐकला आणि थोरलीची भूक वाढली. त्या दिवशी ती डबा पुसून जेवली.

पहिल्या शनिवारी तिनं त्याला लांबूनच ओळखलं. डावा पाय बाहेर फेकत चालायची त्याची लहानपणापासूनची खोड. त्यावरून तिनं त्याला कितीदा टोकलं होतं. ती पोरांच्या रांगेत उभी राहिली. रांग सांभाळायला एक दांडगी बाई होती, चाळिशीची, गळ्यात शिट्टी. "चला, पुढचे! पुढचे कोण?" ती ओरडली, आणि थोरली पुढं झाली.

अस्वल तिला बघून जरा थबकलं. मग नियमाप्रमाणं त्यानं हात पसरले.

तिनं त्याचे दोन्ही पंजे धरले. अस्वलाला कोण अहो-जाहो करतं? जन्मभर भाऊजी म्हणून दिलेला मान तिनं तिकिटाच्या खिडकीवरच ठेवला होता. "काय रे तोंडाळा," ती हसत हसत म्हणाली, कारण समोर फोटो निघत होता, "बोल की आता. कळवलं नव्हतं का मी? तुझी आई दाराकडं बघत होती आणि तू सोफ्याचे पाय मोजत होतास. माफ करतोस होय मला? तू?"

अस्वलानं मान हलवली. अंगठा वर केला. तिच्या पाठीवर थोपटलं.

बाहेर पडली तेव्हा तिला दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटत होतं.

त्यानंतरच्या आठवड्यांत ती मशीनवर बसून पडद्याच्या कडा मारता मारता पुढच्या शनिवारचं भाषण जुळवायची. कुठला शब्द बोथट, कुठला धारदार, ते ठरवायची. बुटकीवर एकदा म्हणून बघायची. "'नालायक' नको," बुटकी सांगायची, "फार गुळमुळीत आहे. जरा झोंबेल असं घे." दुसऱ्या शनिवारी भाषण पहिल्याहून चांगलं झालं, तिसऱ्याला तर फारच. ज्या जिभेनं तिचं नाव घालवलं ती कुलूपबंद, आणि हिची मोकळी. याहून मोठं सुख काय असतं?

म्हणून चौथ्या शनिवारी ती सरळ पासाच्या खिडकीशी गेली. आतल्या मुलानं विचारलं, "फोटो काढू ना मावशी?"

"थांब जरा," ती म्हणाली. अस्वल शनिवारी नेहमी हेच असतं का, हे विचारायला हवं होतं. भलत्याच माणसाला वर्षभर शिव्या द्यायच्या म्हणजे पास पाण्यात. रांगवाली बाकावर पाणी पीत बसली होती. अस्वल विश्रांतीला आत गेलं होतं. थोरली तिच्याशेजारी टेकली.

"शनिवारी हाच असतो हो ढब्बू?"

रांगवालीनं तिच्याकडं नीट पाहिलं. "हाच असतो. पण ताई, एक सांगू? त्याला काही ऐकू येत नाही."

"म्हणजे?"

"डोक्यात पंखा असतो ना, गुदमरू नये म्हणून. कानापाशीच घरघरतो. शिवाय ही गाणी. मी शेजारी बोंबलले तरी त्याला पत्ता नसतो, कोपर मारावं लागतं. तुमचं सगळं ऐकते ती मी." ती ओशाळं हसली. "मागच्या शनिवारी तर मला रडायलाच आलं."

म्हणजे थोरलीनं तीन शनिवार नुसती तोंडाची वाफ दवडली होती!

"त्याला काय वाटतं माहितेय?" रांगवाली पुढं म्हणाली. "सगळ्यांना सांगत सुटलाय, माझी वहिनी दर आठवड्याला तिकीट काढून मला भेटायला येते. हात धरून डोळ्यांत पाणी आणते. म्हणतो, तिनं मला माफ केलं."

"माफ?" थोरली उठली. "कुठं आहे तो?"

"आत बाहेरच्यांना सोडत नाहीत."

"मी बाहेरची नाही. घरचीच आहे मी."

रांगवालीनं एकदा इकडंतिकडं पाहिलं आणि कुंपणाचं फाटक उघडलं.

पत्र्याच्या शेडमध्ये पाळण्यावरची माणसं डबे खात बसली होती. दीर एका उलट्या बादलीवर बसलेला, गळ्यापर्यंत अस्वल आणि वर त्याचं स्वतःचं डोकं. ते केवढंसं दिसत होतं! केस घामानं चिकटलेले. अस्वलाचं डोकं बाजूला जमिनीवर हसत पडलं होतं.

"वहिनी!" तो धडपडत उठला. "या, या! अरे, खुर्ची द्या. हीच ती. सांगत होतो ना? आईसारखी आहे मला."

"आईचं नाव तुझ्या तोंडून नको," थोरली म्हणाली.

शेडमधले घास हातातच राहिले. तिच्या तोंडचं 'अरे' त्याच्या कानावर कधी पडलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर ते उमटलं.

"तीन शनिवार मी काय म्हणत होते ते तुला ऐकू आलं नाही म्हणे. आता पंखा नाही. ऐक. मी तुला फोन केला होता. तू उचललास. निघालो म्हणालास. तुझी आई दाराकडं बघत गेली आणि तू माझ्यावर ढकललंस. हेच मी तुझे हात धरून तिन्ही वेळा म्हटलं. माफी नव्हती ती."

तो हसायला गेला. जुनी सवय. "वहिनी, लोक जेवताहेत. आपण घरी बोलू ना."

"घर कुठं ठेवलंस माझं? वन्संना फोन लाव. इथंच. खरं काय ते सांग."

हसणं विझलं. तो बादलीवर बसला. "झालं गेलं वहिनी. आता ताईला सांगून काय मिळणार? तिच्याशिवाय मला कोण उरलंय?"

"मला कोण उरलं होतं?"

"मी नाही सांगणार," तो हळूच म्हणाला. "काहीही म्हणा."

"नको सांगूस. मी येत राहीन."

"मग मी शनिवारी सुट्टी घेईन."

"घे की," रांगवाली दारातून म्हणाली. "गर्दीच्या दिवशी सुट्टी मागितलीस तर साहेब कायमचीच देईल."

पाळण्यावरचा एक जण खोकला की हसला, कळलं नाही. थोरली वळली आणि बाहेर पडली. खिडकीशी जाऊन तिनं पैसे मोजून दिले.

"मावशी, एवढं हसू नका," आतला मुलगा म्हणाला. "फोटोत डोळे मिटताहेत."

पास खरा वसूल झाला तो यानंतर. पुढच्या शनिवारी ती रांगेत दिसली आणि निळं अस्वल एक पाऊल मागं सरलं. रांगवालीनं कोपर मारलं. अस्वलानं हात पसरले. थोरलीनं पंजे धरले आणि नुसते ओठ हलवायला लागली. ओरडायची गरजच नव्हती. आत पंखा घरघरत होता, पण ती काय म्हणते हे आता त्याला पाठ होतं. तिच्या ओठांवर खरं तर बटाटे होते, साबण होता, मशीनच्या सुया, बुटकीनं सांगितलेलं हिरवं अस्तर. आठवड्याच्या बाजाराची अख्खी यादी तिनं त्याला हसत हसत ऐकवली. अस्वलानं टेबलाएवढी मान खाली घातली.

मग ती गेली आणि पुन्हा रांगेच्या शेवटाला उभी राहिली.

"चला, पुढचे!" रांगवाली शिट्टी फुंकून ओरडायची. थोरली पुढं झाली की तिच्या शिट्टीला वेगळाच जोर यायचा. दर शनिवारी तीनदा, कधी चारदा. मधल्या वेळात थोरली सावलीत बसून शेंगदाणे खायची. अंगठा वर करायचं ढब्बूनं केव्हाच सोडून दिलं होतं.

आणि मग एका सोमवारी कारखान्यात फोन आला. नणंदेचा. थोरलीनं मशीन थांबवलं.

"वहिनी," पलीकडून आवाज आला. "काल तो आला होता. रडत होता. म्हणाला, तुम्ही फोन केला होता. त्यानं उचलला होता."

"हो."

"मी तुमच्याशी फार वाईट वागले."

"हो वन्सं, वागलात," थोरली म्हणाली. "एकदा तरी मला विचारायचं होतंत."

"काय करू मी आता?"

"सगळ्यांना सांगा. एकेकाला फोन करून. चारचौघांत माझं नाव घालवलं, तर चारचौघांतच परत यायला हवं."

"सांगते," नणंद म्हणाली. आणि तिनं सांगितलं. त्या आठवड्यात भावकीतून इतके फोन आले की मालकानं तिला तंबी दिली. चुलतसासरे, मावसजावा, जे रस्त्यात तोंड फिरवायचे ते सगळे. कुणी रडलं, कुणी आम्हाला आधीच शंका होती म्हणालं. थोरलीनं एकेकाचं शांतपणे ऐकून घेतलं. तिला फार फार बरं वाटत होतं.

"झालं बाई," बुटकी खोक्यावरून म्हणाली. "सुटलीस. आता तो पास विकून टाक कुणाला तरी."

"विकता येत नाही. माझा फोटो आहे त्याच्यावर."

"मग फेकून दे."

"पैसे भरलेत मी," थोरली म्हणाली. "वर्षाचे."

शनिवारी ती नेहमीच्या वेळेला पोचली. रांग मोठी होती. तिचा नंबर आला तसं अस्वल स्वतःहून पुढं झालं, पूर्वीसारखे दोन्ही हात पसरून. आता मिटलं असं त्याला वाटलं असावं. थोरलीनं त्याचे पंजे धरले, फोटोवाल्याकडं बघून छान हसली, आणि ओठ हलवायला लागली.