उजेड गेल्यावरची धूळ

साल एकोणीसशे शहाऐंशी. सेलूच्या एका कॉलेजात रंगनाथ सरांनी काचेची एक नळी बसवली होती. तिच्यात कापसाच्या जिनिंगमधली बारीक धूळ सोडायची, पंपानं हवा ओढायची आणि वीज द्यायची. उरल्यासुरल्या हवेचा जांभळा प्लाझ्मा, म्हणजे विजेनं उजळलेला वायू, पेटायचा, त्यात धूळ तरंगायची. तो कुरकुरता पंप सरांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रुख्मिणीनं वर्षानुवर्षं सांभाळला होता. पुण्याच्या परिषदेत हा प्रयोग दाखवायला आपणच जाणार, असं ती धरून चालली होती. साडीसुद्धा घेऊन ठेवली होती.

मग वालूरची गीता सहायक म्हणून लागली. आल्या आल्या तिनं विचारलं, "सर, उजेड विझला की धुळीवरचा विजेचा भार कुठं जातो?"

सर खुर्चीतून उठले. रुख्मिणीच्या एकाही प्रश्नाला ते कधी उठले नव्हते.

"दिवा गेल्यावर उजेड मागं राहतोय व्हय?" रुख्मिणी म्हणाली.

"धूळ राहती की, ताई."

गीतानं नळीत समोरासमोर दोन पट्ट्या बसवल्या. उजेड विझताच त्यांना बॅटरी जोडली, की खाली बसणारी धूळ धन पट्टीकडं झुकायची. म्हणजे ऋण भार अजून तिच्या अंगावर होता. सर मात्र मान हलवायचे. "नळीच कलती असंल. पक्कं दाखव, मंग तूच जा पुण्याला."

रुख्मिणीच्या अंगाचा तिळपापड झाला. दाखवायच्या दिवशी गीता पाणी प्यायला गेली, तेवढ्यात तिनं टेबलाखाली वाकून पट्ट्यांच्या तारांची अदलाबदल केली.

उजेड विझला. धूळ उलट्या बाजूला गेली. गीताचं तोंड एवढंसं झालं. रुख्मिणीनं हसू लपवायला पदर तोंडाला लावला.

"सर, तारा उलट्या लागल्यात!" गीता टेबलाखालून ओरडली.

सरांनी टेबलावर थाप मारली. "लय झकास! नळी कलती असती तर तारा बदलल्यावर धूळ फिरली असती का? भार हायच तिच्यावर! कुणाला सुचलं हे?"

तारांना वेणीसारखा पीळ होता. तसा पीळ रुख्मिणीच घालायची. गीतानं तो ओळखला. "ताईंना," ती म्हणाली.

"मंग दोघी जा पुण्याला!"

"मला जमायचं न्हाई, सर," रुख्मिणी म्हणाली. गीताच्या हातून मिळालेलं पुणं तिला नको होतं. गीता एकटीच गेली.

सर निवृत्त होऊन परभणीला राहिले, तिथंच गेले. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षी गीता त्याच विद्यापीठाची पीएच.डी. झाली. पंप भंगारात गेला. ती साडी रुख्मिणीनं भावजयीला देऊन टाकली. गीता अजून सेलूला आली की ताईंना भेटल्याशिवाय जात नाही. रुख्मिणी चहा टाकते, चिवडा देते. पुण्याचा विषय निघाला की मात्र साखर आणायला आत जाते.