सतरा नंबरचा फॉर्म

शाळेच्या पहिल्या दिवशी मी हजेरी घेण्याआधी डोकी मोजते. सत्तावीस वर्षांची सवय आहे. बाई मेंढरं मोजतात, असं मुलं म्हणतात. म्हणू देत. या वर्षी दहावी 'ब' माझ्या वाट्याला आली. पटावर एकोणचाळीस नावं होती आणि वर्गात डोकी निघाली चाळीस.

मी पुन्हा मोजली. तिसऱ्या बाकावर, खिडकीच्या बाजूला शिवानी बसली होती. नवा कोरा गणवेश, दोन वेण्या, समोर तारीख घालून उघडलेली वही. माझ्याकडे बघून ती हसली. या मुलीचं नाव आमच्या शाळेतून मे महिन्यातच कमी झालं होतं, आणि ते कमी करायला लावणारी मीच होते.

हे कसं होतं ते सांगते. ठाण्याच्या नौपाड्यातली आमची शाळा जुनी, मराठी माध्यमाची. एके काळी प्रवेशासाठी रांगा लागायच्या. आता आम्ही शिक्षकच भर उन्हात दारोदार फिरून मुलं गोळा करतो. लोकांना दाखवायला आमच्याकडे एकच गोष्ट उरली आहे, फाटकावरचा फ्लेक्स: 'सलग अकरा वर्षे दहावीचा निकाल शंभर टक्के'. तो शंभर टक्के काही आभाळातून पडत नाही. नववीचा निकाल लागला की कच्च्या मुलांची यादी निघते. मग वर्गशिक्षकांनी त्यांच्या आईवडिलांना बोलवायचं आणि समजवायचं, की दाखला काढून घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा. म्हणजे मुलाने शाळेत यायचं नाही, घरी अभ्यास करून बाहेरून दहावीला बसायचं. नापास झालं तर आपल्या घरी झालं, शाळेच्या निकालाला धक्का नाही.

समजवण्यात माझा हातखंडा. आवाज न चढवता, चहा पाजून, पाठीवर हात ठेवून मी आईबापांकडून दाखल्याचा अर्ज लिहून घेते. हेडसर माझं कौतुक करतात आणि मी ते ऐकून घेते, खोटं कशाला बोलू.

या वर्षी यादी चार जणांची होती. एका बापाने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एक आई रडली. एकाने अर्ज ओढून घेतला, सही केली आणि निघून गेला. चौथी मालनताई, शिवानीची आई. शिव्या देणाऱ्या बापाच्या पाठोपाठच त्या आत आल्या.

मालनताई नौपाड्यात चार घरी पोळ्या करतात. नवरा पाच वर्षांपूर्वी गेला. मागच्या वर्षी इथली खोली सोडून मायलेकींना लांब कोपरला जावं लागलं, तरी शिवानीने शाळा सोडली नाही. पहाटे आईबरोबर निघायची आणि शाळा भरेपर्यंत आमच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसायची. मला तर हे निमित्त आयतंच मिळालं.

"मालनताई, किती ओढाताण होते पोरीची," मी म्हटलं. "गणित कच्चं आहे तिचं. आपण सतरा नंबरचा फॉर्म भरू. अभ्यासाला भरपूर वेळ मिळेल. परीक्षा तीच, सर्टिफिकेट तेच."

"म्हणजे हिला दहावीला बसायला मिळणार ना बाई?"

"मिळणार."

"मी तर घाबरलेली. म्हटलं, बाईंनी बोलावलंय म्हणजे नापासच केलं असणार." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "कुठे करू सही?"

मी बोट ठेवलं. त्यांनी एकेक अक्षर दाबून, जीभ दातांत धरून नाव लिहिलं. आणि मान वर करून विचारलं, "गणवेश तोच ना बाई? उंची वाढलीय तिची. नवीन शिवायला टाकते."

त्या क्षणी मला कळलं, की या बाईला काहीही कळलेलं नाही. 'शाळेत यायचं नाहीये' एवढे तीन शब्द बोलायचे होते. दाराबाहेर पुढचा पालक ताटकळत होता. आधीच्याच्या शिव्या अजून माझ्या कानांत होत्या. मी म्हटलं, "बघू ते नंतर." मालनताईंनी ते 'हो' म्हणून घेतलं आणि घेऊ दिलं ते मी. दुसऱ्या दिवशी त्या स्टाफरूममध्ये पेढे घेऊन आल्या. बाईंनी माझ्या पोरीला दहावीत घातलं, असं सगळ्यांना सांगत होत्या. सगळ्यांनी पेढे खाल्ले. मीही खाल्ला.

तर आता पहिला तास. मी एकोणचाळीस नावं वाचली. कॅटलॉग मिटला तशी शिवानीने हात वर केला.

"बाई, माझं नाव राहिलं."

"बाईंना विसरायला झालं," सर्वेश मागून म्हणाला. वर्ग हसला, शिवानीही हसली.

"नंतर बघते. बस," मी म्हटलं आणि फळ्याकडे वळले. वर्गाकडे पाठ करायला फळा बरा पडतो.

दोन संख्यांची बेरीज चौदा, वजाबाकी चार, तर त्या संख्या कोणत्या? दहावीच्या बीजगणिताची सुरुवात अशीच होते. कोण सोडवेल, म्हणून विचारलं तर पहिल्या दिवशी कोणीच हात वर करत नाही. शिवानीने केला. नववीत या मुलीला मी फळ्यापाशी बोलावलं की तिच्या तळहाताला घाम सुटायचा. आता ती आली, खडू घेतला आणि हळूहळू, एकही पायरी न गाळता उदाहरण सोडवलं. नऊ आणि पाच. ताळाही करून दाखवला.

"कुठे शिकलीस?"

"सुट्टीत मी गावाला गेलेली बाई. तिकडे ताईचं जुनं पुस्तक होतं. दोन धडे केलेत. आई म्हणाली, बाईंनी तुझ्यासाठी एवढं केलंय, आता त्यांची मान खाली घालू नकोस."

मी "शाब्बास" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? ती जागेवर जाऊन बसली, आणि मी उरलेला तास काय शिकवलं ते मला आठवत नाही.

मधल्या सुट्टीत मी हेडसरांकडे गेले.

"सर, शिवानीला परत घेऊ या. काहीतरी करून दाखला रद्द करू. तिच्या आईला कळलंच नव्हतं."

"अर्ज त्यांनी दिलाय मॅडम. सही त्यांची आहे."

"सही कुठे करायची ते मी दाखवलं."

हेडसर वाईट माणूस नाहीत. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "हिला घेतलं तर उद्या उरलेल्या तिघांचे आईबाप या दारात उभे राहतील. त्यांना काय सांगू? आणि यादीत कोण घालायचं ते तुम्हीच ठरवलंत ना? मी फक्त चार म्हटलं होतं."

खरं होतं. आता ते सांगूनच टाकते. चौथ्या जागेसाठी माझ्यासमोर दोन नावं होती. गणितात शिवानीला एकतीस, आर्यनला अठ्ठावीस. आर्यनचे वडील ठाण्याच्या कोर्टात वकील. पोराला वर्गाबाहेर उभं केलं तरी ते नोटिशीची भाषा करतात. मालनताई भांडणार नाहीत हे मला ठाऊक होतं. म्हणून मी शिवानीचं नाव लिहिलं. सरळ लिहून टाकलं.

"मग आर्यनचं..." मी म्हणायला गेले आणि गप्प बसले. आता आर्यनलाही काढायचं म्हणजे तेच पाप दुसऱ्यांदा. टेबलावर हात आपटावा, राजीनामा तोंडावर फेकावा, असं माझ्या हातून काही झालं नाही. निवृत्तीला तीन वर्षं आहेत. मी उठले आणि बाहेर आले.

शिवानीला मी प्रयोगशाळेत बोलावलं. तिथे त्या वेळी कोणी नसतं. ती आली ती हातात आधार कार्डाची झेरॉक्स घेऊनच.

"ही राहिलेली का बाई? म्हणून नाव नव्हतं?"

"बस इथे," मी म्हटलं. आणि मग सांगितलं. सतरा नंबर म्हणजे काय, दाखला म्हणजे काय, यंदा शाळेत का यायचं नाही. मी पालकांना सांगते त्या गोड आवाजात सांगत होते. तो आवाज मला स्वतःलाच सहन होईना, पण दुसरा निघत नव्हता.

तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "आर्यनला गणितात अठ्ठावीस होते ना बाई?"

मुलांना एकमेकांचे मार्क पाठ असतात. हे मला कळायला हवं होतं.

"हो," मी म्हटलं.

"मला एकतीस."

"हो."

ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. मघाशी फळ्यावर ताळा केला तशी ती बोलत होती. मग तिने विचारलं, "सही कोणी केली?"

"तुझ्या आईने."

आता मात्र तिचा चेहरा बदलला. "बाई, आईला सांगू नका. तिला वाचता येत नाही नीट. बाईंनी दिला म्हणून तो दाखल्याचा कागद तिने देवामागे ठेवलाय. मी काहीतरी सांगेन तिला. तुम्ही नका सांगू, प्लीज."

"मी तुला रोज शिकवीन शिवानी. घरी ये माझ्या. गणित, सायन्स, सगळं."

"हो बाई," ती म्हणाली. मोठ्या माणसाचा मान राखायला म्हणतात ना, तसं.

दप्तर मी आणून देते म्हटलं, तर नको म्हणाली. स्वतः वर्गात गेली. मी दाराबाहेर उभी राहून ऐकत होते. शेजारणीने विचारलं, कुठे चाललीस गं? शिवानी म्हणाली, "कोपरवरून लांब पडतं यार. तिकडेच ॲडमिशन घेतेय." कोणीतरी पार्टी मागितली. ती 'देते ना' म्हणाली आणि दप्तर पाठीला लावून माझ्या समोरून जिना उतरली. फाटकापाशी भिवा शिपाई उभा असतो. शाळा सुटल्याशिवाय तो कुणाला बाहेर सोडत नाही. त्याने वर माझ्याकडे बघितलं, आणि मी मानेने 'सोड' म्हटलं.

संध्याकाळी साडेसातला मालनताईंचा फोन आला. मी भाजी फोडणीला टाकत होते, गॅस बंद केला.

"बाई, बघा हो हिचं काय चाललंय. म्हणते, शाळा लांब पडते, उद्यापासून जायचं नाही. नववीत वर्षभर जात होती तेव्हा लांब नव्हतं का? मी दोन फटके दिलेत तिला. कधी हात लावला नव्हता, आज लावला. तुम्हीच समजवा. तुमचं ऐकते ती. मी स्पीकरवर टाकते, बोला."

फोनमध्ये कुकरची शिट्टी ऐकू आली. मग शिवानीचा आवाज, रडून बसलेला. "बोला बाई."

ती मला सांगत होती, की बाई, आईला सांगू नका. मी तिचं ऐकायला हवं होतं का? अजून मला ठरवता येत नाही. पण माझ्यापायी त्या पोरीने मार खाल्ला होता आणि वर मीच तिला समजवायचं, हे माझ्याच्याने झालं नाही.

"मालनताई, तिला मारू नका. ती खोटं बोलतेय. तिला शाळेतून काढलंय. मे महिन्यात तुम्ही सही केलीत ना, तो शाळा सोडल्याचा अर्ज होता. मी तुम्हाला नीट सांगितलं नाही. चूक माझी आहे."

मला वाटलं, आता ही बाई मला शिव्या देईल. मी त्यांची वाट बघत होते. खरं तर मला त्या हव्या होत्या.

"म्हणजे मी सही केली म्हणून तिची शाळा गेली?" मालनताईंनी विचारलं.

"नाही हो, मी तुम्हाला..."

"मीच केली ना बाई सही. पेनपण माझंच होतं." त्या आता माझ्याशी बोलत नव्हत्या. "शिवे, मी काढलं गं तुला. आणि वर मारलं."

"आई, असू दे. आई, रडू नको ना," शिवानी म्हणत होती. मी दोनतीनदा मालनताईंना हाक मारली. स्पीकर चालू होता, पण तिकडे दोघींपैकी कोणाला माझी आठवण नव्हती.