चौथा स्क्रू

साल होते २००४. मी एक जुनी, स्वयंपाकघराच्या भिंतीला बिजागरीने जोडलेली घडीची फळी आहे. मित्रांनो, मला उघडले की जेवायचे टेबल होते आणि मिटले की नुसती भिंत. त्या वर्षी मात्र उघडे राहावे की मिटून घ्यावे, हेच मला कळेनासे झाले होते. घरातले नवरा-बायको वेगळे होत होते.

मला बायकोच्या वडिलांनी घडवले. ते बस चालवायचे आणि सुट्टीच्या दिवशी हौसेने करवत घेऊन बसायचे. लेकीचे नवे घर लहान, म्हणून त्यांनी ही युक्ती काढली. मी किंचित तिरकी झाले, तेव्हा मला खालून पेलून धरणारा जावई म्हणाला, "बाबा, वाटाणे घरंगळतील."

"मग पटकन खायचं," ते म्हणाले.

पुढे ते वारले. त्यांच्या हातची एवढी मीच उरले.

माझ्यावर पीठ सांडले, अभ्यास झाला, भांडणेही झाली. नवरा-बायकोची लेक पिटुकली मला धरून उभी राहायला शिकली, तेव्हा मी तिच्या अंगावर पडू नये म्हणून तिच्या बाबांनी तीन स्क्रूंच्या जोडीला चौथा, लांबलचक स्क्रू पिळला. तेव्हा मला केवढे बरे वाटले होते!

मग एके सकाळी घराची किंमत ठरवणाऱ्या बाई मोजपट्टी घेऊन आल्या. घर नवरा ठेवणार होता. बायकोला तिचा वाटा आणि तिचे सामान मिळणार होते. बाईंनी नळ सोडून पाहिले, ओल आलेल्या भिंतीवर टिचकी मारली आणि माझ्यापाशी थबकल्या.

"हे घर का सामान?"

"सामान. माझ्या बाबांनी केलंय," बायको म्हणाली.

"भिंतीला आहे ना? मग घराचं," नवरा फ्रिजला टेकून म्हणाला. "सगळंच उचलून ने तू."

"तुझी ती कुरकुरणारी खुर्ची सोडते की."

बाईंनी चष्मा पुसला. "मी गच्ची मोजून येते. परत येईन तेव्हा जे भिंतीला असेल, ते घर."

त्यांची पावले जिना चढू लागली आणि माझा जीव खालीवर होऊ लागला. बायकोने ड्रॉवर उपसून स्क्रूड्रायव्हर काढला. तीन स्क्रू निघाले. चौथा जागचा हलेना. ती घामाघूम झाली, मी कलंडले, करकरले. ज्याने मला कधी पडू दिले नाही, तोच आता मला सोडत नव्हता. वर मोजपट्टी सरकन मिटल्याचा आवाज आला.

"पाय मागे घे," नवरा एकाएकी म्हणाला. "बोटं चेंगरतील."

"तुला काय करायचंय?"

"खालून धरतो. आधी आत दाब, मग फिरव. गंजलाय तो."

तिने पाय मागे घेतला. मग तिने जोर लावला. त्याने दोन्ही तळव्यांवर माझे वजन पेलले, अगदी मला बसवताना पेलले होते तसेच. कर्रकन मी सुटले.

"तिरकीच आहे अजून," तो पुटपुटला.

"पटकन खायचं," ती म्हणाली.

बाई परत आल्या. भिंतीवर माझ्या मापाचा फिकट चौकोन होता आणि चार भोके.

"आणि हे?"

"सामान," नवरा म्हणाला. "तिच्या बाबांचं."

त्यांचे जमले नाही ते नाहीच. त्याने भिंत रंगवली आणि पुढे दुसरा संसार थाटला. ती मला घेऊन भाड्याच्या दोन खोल्यांत गेली, तिथे राहूनच नोकरीतून निवृत्त झाली. बाई पुन्हा दिसल्या नाहीत. मी आता पिटुकलीच्या घरी आहे. तिचा मुलगा मला धरून उभा राहू लागला, तेव्हा त्याचे आजोबा न बोलावता आले, खिशात लांब स्क्रू घेऊन.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना वेळोवेळी तेल द्या, त्यांचे सांधे घट्ट ठेवा. आणि कधी सोडवायचीच वेळ आली, तर कोणीतरी खालून धरा.