दगडावरचा पत्ता

आईचं गाणं दगडावर कोरता येत नव्हतं, म्हणून संघपालनं पत्ता कोरला.

त्याच्या आईनं, नागुबाईनं, स्वतः रचलेली गाणी जन्मभर शेतात, जयंतीत, लग्नात गायली. कागदावर मात्र एक ओळ नाही. नांदेडच्या एका चॅनलनं तिचा कार्यक्रम केला, तेव्हा तिथले वीरण्णा छातीठोकपणे म्हणाले होते, "आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला इंटरनेटवर कायमचा पत्ता राहतो. तुमची पतवंडंबी ऐकतील."

कायमचा म्हटल्यावर गडी हुरळून गेला. आई वारल्यावर अहमदपूरजवळच्या आपल्या गावात, विहाराच्या भिंतीत त्यानं काळा दगड बसवला. वर आईचं नाव, खाली तो ठिपक्याठिपक्यांचा चौकोन. मोबाईल समोर धरला की आई गाणार! बायको लुंबिनी म्हणाली होती, "मोबाईलमधी उतरवून घेतलेलं गाणं असू द्या की."

"दगडात हाय ना आता? इथं कशाला जागा खाऊन राहिलंय," असं खेकसून त्यानं ते पुसून टाकलं. शहाणाच तो!

पहिल्या स्मृतिदिनाला वंदना झाली. खीर वाटायच्या आधी स्पीकर लावला. आईची धाकटी बहीण किल्लारीहून तेवढ्यासाठी आली होती. ती सरकत सरकत पुढं येऊन बसली. संघपालनं मोबाईल दगडासमोर धरला. पान उघडलं. आईचं नाव, फोटो, तारीख, सगळं जागच्या जागी. खाली एवढंच: 'हा कार्यक्रम सध्या उपलब्ध नाही.'

त्यानं तिथूनच वीरण्णांना फोन लावला.

"मालक बदलले हो. जुने व्हिडिओ काढून टाकले, लई जागा खात होते," वीरण्णा म्हणाले. "पण पत्ता चालून राहिलाय ना? आम्ही पत्ताच कायमचा म्हणलो होतो."

संघपालच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिवी अगदी ओठांवर आली. पण जागा खाण्याचं कारण त्यानंही दिलं होतं आणि लुंबिनी समोरच उभी होती. त्यानं फोन ठेवला.

"गाणं न्हाई लागत, मावशी," तो कसाबसा म्हणाला.

"मग म्या म्हणते की," म्हणत मावशीनं सूर लावला. दोन कडवी झाली. तिसऱ्याला ती अडली, पुन्हा मागून आली, पुन्हा तिथंच अडली.

"पुढचं अक्काच म्हणायची," ती म्हणाली आणि त्याच्या हातातल्या मोबाईलकडं बोट केलं. "ही काय, दिसून राहिली की. इचार तिला."