कोबोलच्या दाराशी

आबा केण्यांच्या संगणक क्लासात खोल्या तीन होत्या आणि भाषाही तीन. रस्त्याकडच्या खोलीत सी, मधल्या खोलीत फॉक्सप्रो आणि जिन्यामागच्या खोलीत कोबोल. हे वाटप भाषांच्या योग्यतेवरून झाले नव्हते. जिन्यामागच्या खोलीत मान वाकवून शिरावे लागे, आणि कोबोल शिकवणाऱ्या सगुणा तांडेल उंचीने बेताच्या होत्या.

डोंबिवली पूर्वेला तेव्हा, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, वडापावाच्या गाड्यांपेक्षा संगणकाचे क्लास जास्त झाले होते आणि गिऱ्हाईक साधारण तेच होते. प्रत्येक बापाला एकच प्रश्न पडलेला असे: मुलाला कोणती भाषा लावायची? या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर फक्त आबांकडे मिळे. इमारतीच्या फाटकाशी त्यांनी एक काळा फळा टांगला होता. त्यावर दर शुक्रवारी सकाळी 'या आठवड्याची लोकप्रिय भाषा' असे ठळक लिहून खाली तिन्ही भाषांची टक्केवारी दिलेली असे. भाजी घेऊन परतणारी माणसे पिशवी खाली ठेवून तो वाचत. सी दोन टक्क्यांनी खाली आली तर चिंता करत, वर गेली तर मुलाला आजच घालू म्हणत. कल्याणहूनही लोक रिक्षा करून फळा बघायला येत.

टक्केवारी कशी काढतात, ते आबा कुणालाच सांगत नसत. पद्धत अशी होती. संगणकाच्या खोलीत धूळ चालत नाही म्हणून सगळे चपला बाहेर काढत. तर दर गुरुवारी संध्याकाळी आबा पाठीमागे हात बांधून तिन्ही दारांवरून फिरत आणि चपला मोजत. गुरुवार अशासाठी, की शुक्रवारी एमआयडीसीची सुट्टी आणि त्या दिवशी वीज कधी जाईल याचा भरवसा नसे. दार उघडून डोकी मोजणे त्यांना मान्य नव्हते, कारण दार उघडले की एसीची थंडी बाहेर जाते.

भरलेल्या फीवरून हिशेब का करत नाही, असे एकदा बायकोने विचारले होते. आबा म्हणाले होते, फी हा बापाचा निर्णय असतो. चप्पल हा मुलाचा.

आणि हजेरीपट? तो शिक्षक भरतो. म्हणजे मुलगी कशी आहे हे मुलीच्या आईला विचारण्यापैकी.

पद्धतीत खोट काढणे अवघड होते. फक्त सीच्या खोलीसमोरच रमाबाईंचे घर होते, आणि त्यांच्याकडे दर गुरुवारी संध्याकाळी बायकांचे भजन असे. त्या बायकांच्या चपला रमाबाईंच्या दाराशी मावत नसत, त्या सीच्या दाराकडे सरकत. आबांनी त्या चपलांची नीट नोंद घेतली आणि गणपतीच्या सुमारास फळ्यावर एक जादा ओळ लिहिली: 'सी भाषा महिलावर्गात झपाट्याने लोकप्रिय.' पुढच्या आठवड्यात चार आयांनी आपापल्या मुली सीला घातल्या. त्यांतल्या एकीची आई स्वतः भजनाला येत असे. ती म्हणाली, फळ्यावरच लिहिलंय म्हटल्यावर आपण कोण.

कोबोलपुढे मात्र श्रावणापासून शून्य होते.

आधी असे नव्हते. सगुणाबाईंच्या वर्गात सगळे नोकरीवाले. कल्याणच्या एका सहकारी बँकेतले शिवराम गायकवाड, नगरपालिकेच्या करवसुलीतल्या केशरबाई, मार्केट यार्डात जमाखर्च लिहिणारे दोघेतिघे. दोन हजार साल लागताच जुने संगणक गोंधळणार, त्यांतले प्रोग्रॅम कोबोलमध्ये लिहिलेले, तेव्हा कुणीतरी ते शिकून घ्या, असे यांच्या साहेबांनी सांगितले होते. साहेब स्वतः शिकणार नव्हते, हे सांगायला नको. ही माणसे कचेरीतून थेट येत, पायात बूट असत. श्रावणात एका संध्याकाळी शिवराम गायकवाडांचे नवेकोरे बूट दारातून गेले. हेड कॅशियर मनुष्य मोजे घालून रिक्षाने कल्याणला गेला. दुसऱ्या दिवशी सगुणाबाईंनी वर्गात सांगितले, की यापुढे सगळ्यांनी बूट पिशवीत घालून आत आणायचे आणि आपापल्या खुर्चीखाली ठेवायचे. वर्गाने ते एकमताने मान्य केले. मॅडम आमचा किती विचार करतात, असे केशरबाई म्हणाल्याही.

त्याच गुरुवारी आबा दारावरून गेले आणि शुक्रवारी त्यांनी फळ्यावर कोबोलपुढे शून्य लिहिले. लिहिताना त्यांचा हात जरा जड झाला होता. कारण आबांना स्वतःला कोबोलच येत होते. तेवढेच येत होते. कल्याणजवळच्या एका कारखान्यात पंच-कार्डांच्या विभागात ते बारा वर्षे होते. तिथला संगणक खोलीएवढा, आत जायचे तर वहाणा काढून. ती सवय त्यांनी क्लासात आणली होती. कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन, नवऱ्या मुलासारखे नवे कपडे शिवून त्यांनी हा क्लास काढला, तेव्हा फक्त कोबोल होते. सी आणि फॉक्सप्रो नंतर आल्या. आपल्याला येणारी एकमेव भाषा कुणी शिकत नाही, हे आपणच मोजून आपल्याच हाताने फाटकाशी लिहायचे. पण मोजणी म्हणजे मोजणी.

गणपती उठल्यावर आबांनी सगुणाबाईंना बोलावून सांगितले, की दसऱ्यापर्यंत ज्या भाषेची टक्केवारी सर्वांत कमी राहील ती बंद. त्या खोलीत जावा आणायची. जावा तेव्हा डोंबिवलीत कुणालाच येत नव्हती, त्यामुळे तिच्याबद्दल वाईट बोलणाराही कुणी नव्हता.

"सर, माझा वर्ग भरलेला असतो," सगुणाबाई म्हणाल्या. "एका मशीनवर दोघं दोघं बसतात."

आबांनी मान हलवली. ती सहानुभूतीची होती.

"एकदा येऊन बघा तरी."

"बाई, मी आत आलो की लोक नीट बसतात. मग मोजणी खरी होत नाही. आणि थंडी जाते."

खरे कारण तिसरेच होते. रिकाम्या खुर्च्यांपुढे उभ्या राहून कोबोल शिकवणाऱ्या बाई त्यांना बघायच्या नव्हत्या.

सगुणाबाई ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या. वर्ग बंद झाला तर नोकरी संपणार, हे उघड होते. घरी गोमाजीकाकांनी एका बर्फाच्या कारखान्यात कारकुनाची जागा बघूनच ठेवली होती आणि दर रविवारी जेवताना तिची आठवण करून देत. जागा वाईट नव्हती. पण सगुणाबाईंना कोबोल आवडे. त्यातली वाक्ये लांबलचक, सरळ, कुणालाही वाचता येतील अशी असत. एखादा गावचा शहाणा मनुष्य सावकाश बोलावा तशी. असे काही आवडते हे घरी सांगण्यासारखे नसल्यामुळे त्यांनी ते सांगितले नव्हते. त्यांनी एवढेच केले, की वर्गाला विश्वासात घेतले. वर्ग लोकप्रिय झाला नाही तर बंद पडणार, तेव्हा ओळखीपाळखीचे कुणी असेल तर आणा.

वर्ग कामाला लागला. शिवराम गायकवाडांनी बँकेतून तिघांना आणले. केशरबाईंनी जन्ममृत्यू नोंदणी विभागातून दोघींना आणले. जागा कमी पडली तेव्हा मार्केट यार्डवाल्यांनी दोन स्टुले आणली. आलेला प्रत्येक मनुष्य नियमाप्रमाणे बूट किंवा चप्पल पिशवीत घालून आत येई. वर्ग जसा फुगत गेला तसे फळ्यावरचे शून्य अधिकच ठळक होत गेले, कारण आबा आता ते दोनदा गिरवत.

मध्यंतरी सी शिकवणाऱ्या चंदूने घरी इंटरनेट घेतले. चंदू माजिवड्याचा, इंजिनियर, आणि भाषांच्या बाबतीत कडवा. त्याने आबांना सांगितले, की चपलाबिपला ठीक आहे, पण जगात हल्ली न्यूजग्रुप नावाच्या चावड्या असतात, एकेका भाषेची एकेक. तिथे रोज किती लोक बोलतात ते मोजले की झाले. चपला कशा कळल्या, असे आबांनी विचारले नाही. पण पुढचे दोन दिवस ते चंदूशी जपून बोलत होते. चंदूने मोजून आणले. सीच्या चावडीवर दिवसाला शेकडो निरोप. कोबोलच्या चावडीवर चार, त्यांतले दोन कुणाच्या तरी निवृत्तीबद्दल शुभेच्छा देणारे.

तिघे चहा पीत असताना हा विषय निघाला. सगुणाबाईंनी विचारले, "शेकडो निरोप कसले आहेत रे?"

"प्रश्न. प्रोग्रॅम का चालत नाही, मशीन का लटकलं."

"म्हणजे डॉक्टरकडे रांग आहे म्हणून ताप लोकप्रिय."

"मॅडम, ताप येण्यासाठी आधी माणूस जिवंत लागतो," चंदू म्हणाला.

आबांना दोघांचेही पटले. त्यांनी चहा संपवला आणि म्हटले, की जग आणि फळा एकच सांगतायत म्हटल्यावर आता काय उरलं.

निर्णय सांगायला त्यांनी खंडेनवमीचा दिवस धरला. त्या दिवशी यंत्रांची पूजा करायला तिन्ही खोल्यांत जावेच लागे, म्हणजे थंडी एकदाच जाणार होती. दोन दिवस ते घरात येरझाऱ्या घालत वाक्ये जुळवत होते. 'बाई, काळ बदलतो,' इथपर्यंत येत आणि थांबत. शेवटी त्यांची बायको सरस्वती भात वाढता वाढता म्हणाली, "सांगाचं तं सांगून टाका. मशीन नाय, माणूस हाय ती. आयकून घेल."

"तीच तर पंचाईत आहे," आबा म्हणाले.

खंडेनवमीला संध्याकाळी आबा झेंडूची परडी आणि पेढ्यांचा पुडा घेऊन निघाले. सीच्या खोलीत फुले वाहिली, फॉक्सप्रोच्या खोलीत वाहिली. मग जिन्यामागे वळले. दाराशी एकही चप्पल नव्हती. लादी इतकी स्वच्छ होती की त्यांना भरून आले. त्यांनी आपल्या कोल्हापुरी वहाणा काढल्या, भिंतीला लावून नीट ठेवल्या, मान वाकवली आणि दार ढकलले.

आत पाय ठेवायला जागा नव्हती.

दर मशीनला तिघे होते. स्टुलांवर होते, खिडकीच्या कट्ट्यावर होते, दोघे एका उलट्या बादलीवर आळीपाळीने बसत होते. सगळे मोज्यांवर किंवा अनवाणी. सगुणाबाई खडू हातात घेऊन भिंतीला चिकटून उभ्या होत्या, कारण दुसरीकडे उभे राहणे शक्य नव्हते. एसी चालू असून खोलीत उकडत होते. इतके दिवस आबा जी थंडी जपत होते ती तिथे नव्हतीच.

आबांना पहिल्यांदा वाटले, की पेढ्यांची बातमी फुटली.

"आज पूजेला आलात वाटतं सगळे," ते म्हणाले.

"नाही सर, रोजच येतो," शिवराम गायकवाड उठून म्हणाले. उठले तशी त्यांची जागा लगेच दुसऱ्याने घेतली.

आबा दाराकडे वळून बाहेरच्या लादीकडे बघू लागले. मग परत खोलीकडे. "मग चपला?"

वर्गाला प्रश्न कळला नाही. सगुणाबाईंना कळला, पण जरा वेळाने. एवढे आठवडे फळ्यावर काय मोजले जात होते, ते त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत गेले. त्यांनी खडू खाली ठेवला.

"चपला पिशवीत आहेत, सर," त्या म्हणाल्या. "खुर्चीखाली. श्रावणात यांचे बूट गेले, म्हणून मीच सांगितलं आत घ्यायला."

शिवराम गायकवाडांनी पुरावा म्हणून पिशवी वर धरली. मग केशरबाईंनी धरली. मग खोलीभर पिशव्या वर झाल्या. साडीच्या दुकानाच्या, मिठाईच्या, एक खताच्या कंपनीची. आबांनी त्या मोजल्या. सवय होती. मोजता मोजता त्यांचे ओठ हलायचे थांबले.

काळ बदलतो, हे वाक्य त्यांच्याकडे तयार होते. ते त्यांनी गिळले. बरेच दिवस छातीवर ठेवलेले काहीतरी उतरून ठेवावे तसा एक मोठा श्वास सोडला आणि जवळच्या मशीनच्या पडद्यावर वाकून पाहिले. वरून खालपर्यंत वाचले. सगळे कळले. कारखान्यातल्या पगारपत्रकाच्या प्रोग्रॅमची सुरुवात थेट अशीच होती.

"आमच्याकडे हे कार्डावर होतं," ते म्हणाले. "गठ्ठा खाली पडला तर कार्डं पुन्हा रांगेनं लावताना संध्याकाळ व्हायची."

"मग सांगा ना सर तेच," केशरबाई म्हणाल्या. "मॅडमचं ऐकतोच आम्ही रोज."

आबांनी सांगितले. हातात झेंडूची परडी धरूनच सांगितले. सगुणाबाई भिंतीला टेकल्या. तासभर आपल्याला बोलावे लागले नाही, याचेच त्यांना बरे वाटत होते. नंतर मशीनवर फुले पडली, पेढे अर्धे अर्धे वाटावे लागले. निघताना आबा दारात थांबले.

"बाई, ही खोली लहान पडते. दसऱ्यानंतर मधली घ्या. जावाचं बघू पुढं कधीतरी."

"म्हणजे वर्ग चालू?"

"चालू म्हणजे काय, उतू चाललाय."

सगुणाबाईंनी डोळे मिटून उघडले. येत्या रविवारी गोमाजीकाकांना काय सांगायचे, ते वाक्य त्यांच्या मनात आपोआप तयार झाले, आणि ते अगदी सरळ आणि लांबलचक होते.

"आणि पुढची मोजणी, सर?"

आबांनी विचार केला. "दार उघडून करू," ते म्हणाले. "थोडी थंडी गेली तर जाऊ दे."

ते बाहेर आले आणि भिंतीपाशी वाकले. लादी स्वच्छ होती. श्रावणानंतर कोबोलच्या दाराशी पहिल्यांदाच चप्पल निघाली होती, आणि ती गेली होती. आबा अनवाणीच चालू लागले. फाटकाशी येऊन त्यांनी फळा ओल्या फडक्याने पुसला, भजनाच्या बायकांच्या ओळीसकट, आणि घरी निघाले.

सरस्वतीने दार उघडले. आधी चेहऱ्याकडे पाहिले, तो चांगला होता. मग पायांकडे.

"वाणा कुठं हायत?"

"कोबोल फार लोकप्रिय झालंय," आबा म्हणाले आणि पाय धुवायला मोरीत गेले.