पिवळी फाइल वर झाल्याशिवाय

चौघांच्या त्या वाद्यवृंदात कोण काय वाजवतं हे जगाला फारसं माहीत नव्हतं, पण त्या चौघांना जगातलं काय काय खुपतं हे तिला तोंडपाठ होतं. ती संस्थेची व्यवस्थापक. म्हणजे खुर्च्या लावणारी, अर्ज लिहिणारी, शाळांना फोन करणारी, आणि चेलोला गाडीत पुढची सीट देऊन स्वतः मागे पाय दुमडून बसणारी. संस्था ना-नफा तत्त्वावर चालायची. हे एक तत्त्व मात्र तिने स्थापनेपासून एकदाही मोडलं नव्हतं.

बाकीची तत्त्वं सरांची. सर म्हणजे पहिलं व्हायोलिन. दुसरं व्हायोलिन त्यांची बायको. तिचं आणि सरांचं सुरांत पटायचं, इतरत्र नाही. व्हायोला वाजवणाऱ्या मुलीचं निम्मं आयुष्य 'हे मोठं व्हायोलिन नाही' हे सांगण्यात चाललं होतं. आणि चेलोकाका. ते कशालाच हरकत घेत नसत, म्हणून सगळे त्यांच्यावर चिडून असत.

सरांना सगळ्यात जास्त खुपायची ती अवेळी वाजलेली टाळी. त्यांच्या रचनांना चार-चार भाग असायचे, आणि दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात, हे सुसंस्कृत श्रोत्यांना कळतं. शाळेतल्या चौथीच्या वर्गाला कळत नाही. मागच्या शाळेत मुलांनी प्रत्येक भागानंतर टाळ्या कुटल्या, तेव्हा सरांनी व्हायोलिन मांडीवर ठेवून शांततेवर असं काही भाषण दिलं की पुढचा तास बुडाला आणि गणिताच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

म्हणून तिने पत्रक काढलं. 'श्रोत्यांसाठी सूचना' असं वर लिहून खाली एकच महत्त्वाची ओळ ठळक अक्षरांत: मॅडम पिवळी फाइल वर करतील तेव्हाच टाळ्या वाजवाव्यात. मॅडम म्हणजे ती. फाइल पिवळी, कारण ऑफिसात तीच एक न फाटलेली होती.

या वेळच्या शाळेने पत्रक फारच मनावर घेतलं. पीटीच्या सरांनी आठवडाभर तालीम घेतली. शिट्टी वाजली की मुलांनी मांडी घालून बसायचं आणि दोन्ही पंजे मांड्यांखाली दाबून ठेवायचे. "हातच मोकळे नाहीत म्हटल्यावर टाळी वाजणार कशी?" ते तिला म्हणाले, आणि स्वतःच्या युक्तीवर एवढे खूष झाले की शिट्टी पुन्हा एकदा वाजवली.

कार्यक्रमाच्या दिवशी प्रतिष्ठानाच्या मूल्यमापक बाई येणार होत्या. संस्था ज्या अनुदानावर तगून होती ते या प्रतिष्ठानाचं. बाईंचा शेरा चांगला आला तर आणखी तीन वर्षं, नाहीतर वर्षअखेर कुलूप. बाकीच्या चौघांना शिकवण्या होत्या. तिला हीच नोकरी होती. बाळंतपणानंतर दोन ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या, दोन्हीकडे तिसरा प्रश्न 'मूल केवढं आहे?' हा होता, आणि चौथा प्रश्न आलाच नव्हता. इथे मात्र टिकलीला अंगात कणकण असली तरी आणता यायचं. टिकली म्हणजे तिची साडेतीन वर्षांची लेक.

आणि त्या दिवशी नेमकी कणकण होती. म्हणजे पाळणाघराच्या थर्मामीटरवर होती, घरच्या थर्मामीटरवर नव्हती. "नियम म्हणजे नियम, ताई," पाळणाघरवाली म्हणाली. तेव्हा टिकली सभागृहाच्या दारापाशी एका छोट्या खुर्चीवर, आणि तिच्या शेजारी आई, एका हातात फाइल, दुसरा हात लेकीच्या कपाळावर. एव्हाना तिने सभागृहातले उघडे प्लग पॉइंट मोजून ठेवले होते. पाच. पैकी एक मुलाच्या गुडघ्याच्या उंचीवर.

तीन भाग अप्रतिम झाले. म्हणजे कोणी टाळी वाजवली नाही. चौथा भाग मध्यावर आला आणि टिकलीने बाही ओढली.

"आई, सू."

"पाच मिनिटं थांब, सोन्या."

"आत्ता."

त्या 'आत्ता'चा अर्थ कुठल्याही आईला समजावून सांगावा लागत नाही. टॉयलेट दुसऱ्या व्हरांड्याच्या टोकाला होतं. कडी अडकत होती, सीट ओली होती, टिकलीच्या पँटची नाडी ऐन वेळी गाठ धरून बसली. फाइल तिने बेसिनच्या कडेवर ठेवली. आणि नाडी सुटते न सुटते तोच वरच्या झरोक्यातून शेवटचा लांबलचक सूर आला आणि थांबला.

मग काहीच आलं नाही.

एका कडेवर लेक, दुसऱ्या काखेत फाइल, अशी ती व्हरांडाभर धावली. दारात पोचली तर चौघं वादक कमरेत वाकलेले, तसेच. समोर तीनशे मुलं, पंजे मांड्यांखाली, डोळे दाराकडे. कुणी खोकत सुद्धा नव्हतं. सरांनी हळूच मान वर करून पाहिलं, आणि पुन्हा वाकले. चेलोकाकांचे खांदे हलत होते. ते हसत होते.

तिने फाइल उचललीच होती. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या मूल्यमापक बाईंनी मागे न बघता हात वर केला. थांबा.

बाईंचे डोळे भरून आले होते. "बारा वर्षं शाळा बघतेय," त्या मुख्याध्यापिकांच्या कानात म्हणाल्या. "इतकी तल्लीन मुलं मी पाहिली नाहीत. संगीत संपलंय, पण त्यांच्यात अजून चालू आहे."

मुख्याध्यापिकांनी पीटीच्या सरांकडे पाहिलं. पीटीच्या सरांनी छताकडे. आणि तिने हातातली फाइल हळूच खाली घेतली. मुलं तशीच रांगेने वर्गात गेली.

अहवाल आठवडाभरात आला. 'शांततेचा नमुना' असं त्याचं शीर्षक होतं, त्यात एक आलेख होता आणि आलेखात रेघ वर जात होती. प्रतिष्ठानाचे अध्यक्ष स्वतः पुढच्या शाळेत येणार होते. तोच परिणाम पुन्हा दिसला तर तीन वर्षं पक्की.

तालमीला सरांनी अहवाल टेबलावर आपटला. "म्हणजे पुन्हा मुडद्यांपुढे वाजवायचं?"

"मंत्रमुग्ध मुलांपुढे," ती म्हणाली. "पान चार."

"चाळीस वर्षं मी टाळ्यांवर जगलोय, बाई!"

"आणि चाळीस वर्षं टाळ्यांवर ओरडलाय," त्यांची बायको विणकामातून मान वर न करता म्हणाली.

"मधल्या! मधल्या टाळ्यांवर! शेवटच्या टाळ्यांवर मी कधी चकार शब्द काढलाय?"

"मला विचाराल तर," चेलोकाका म्हणाले, "वाकलेलं असताना कंबरेला बरं वाटत होतं."

"तुम्हाला कुणी विचारलंय?" तिघं एकदम म्हणाले.

शेवटी सर कबूल झाले, पण तोंड पाडून. तिने नव्या शाळेला तेच पत्रक पाठवलं, पीटीच्या सरांचा नंबरही दिला, म्हणजे पंजांचं ते त्यांच्या शिक्षकांना समजावतील. फक्त या वेळी फाइल वर जाणार नव्हती. हे पत्रकात लिहायची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी टिकलीने घरी मैफल लावली. चपलांचा खोका खांद्याला, कपड्यांचा हँगर गज म्हणून. प्रेक्षक बाबा, एक अस्वल आणि कांदा चिरणारी आई. तिने जोरजोरात हँगर घासला, मग डोकं गुडघ्याला लागेपर्यंत वाकली. बाबा टाळ्या वाजवायला लागला.

"बाबा! टाळी नाही! हात खाली!" टिकली ओरडली. तिने त्याचे पंजे धरून त्याच्या मांड्यांखाली सरकवले. मग स्वतः त्याच्या शेजारी तशीच बसली, पंजे दाबून, ओठ मिटून, रिकाम्या जागेकडे बघत.

"किती वेळ असं बसायचं गं?" बाबाने हसत विचारलं.

"आई फाइल वर करेपर्यंत."

"आणि आईने केलीच नाही तर?"

टिकलीने विचार केला. "मग नाहीच," ती म्हणाली.

नवरा पोट धरून हसला. तिला काही हसू आलं नाही. डोळ्यांत पाणी होतं, पण कांदा चालू होता, त्यामुळे कुणी विचारलं नाही.

अध्यक्ष आले, सोबत चार पाहुणे आणि एक फोटोग्राफर. सभागृहात तीन प्लग पॉइंट. टिकली पाळणाघरात, कपाळ थंड. आईने तीनदा हात लावून पाहिलं होतं. सर असे वाजवत होते की तिलाही मध्येच विसरायला झालं, आपण कशासाठी उभ्या आहोत ते. चौथा भाग संपला. चौघं वाकले. शांतता पसरली, अहवालातल्यासारखीच. अध्यक्षांनी मूल्यमापक बाईंकडे पाहून भुवया उंचावल्या. बाईंनी मान डोलावली. तीन वर्षं तिथे, हाताच्या अंतरावर बसली होती.

पहिल्या रांगेत एक दोन वेण्यांची मुलगी होती. तिचं बूड जमिनीवरून उचललं जात होतं, इतकी ती हातांना दाबत होती. ती तिच्याकडे बघत होती. व्यवस्थापकाकडे. फाइलकडे.

तिने फाइल वर केली.

क्षणभर कुणाचा विश्वास बसला नाही. मग तीनशे जोड्या पंजे मांड्यांखालून सुटले. खिडक्यांची तावदानं थरथरली. फोटोग्राफरने कॅमेरा छातीशी धरला. सर उठले, वाकले, बसले, पुन्हा उठले. टाळ्या चालूच. पाचव्यांदा वाकून झाल्यावर तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टाळ्या कधी सुरू करायच्या ते पत्रकात होतं. कधी थांबवायच्या ते नव्हतं. आणि ही मुलं पत्रकाबाहेर जाणारी नव्हती.

तिने फाइल खाली केली. काही फरक पडला नाही. पाठीमागे लपवली. तरी नाही. शेवटी मधली सुट्टी झाल्याची घंटा वाजली, आणि मुलं टाळ्या वाजवत वाजवतच बाहेर पडली.

"फाइल चुकून वर गेली का हो?" मूल्यमापक बाईंनी जिन्यात गाठून विचारलं. आवाज मऊ होता. 'हो' म्हटलं असतं तर त्यांनी तसंच लिहून घेतलं असतं, पेनही उघडलेलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "आणि मागच्या वेळी खाली राहिली ती चुकून. मी लेकीला टॉयलेटला घेऊन गेले होते."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. मग पुन्हा काढलं. "केवढी आहे लेक?"

"साडेतीन."

बाईंनी लिहिलं काहीच नाही.

पत्र महिन्याने आलं. तीन वर्षं नाहीत. एक वर्ष, निरीक्षणाखाली. 'टाळ्या' या शब्दापुढे कंसात 'व्यत्यय' असं लिहून मग कुणीतरी ते पेनाने खोडलं होतं. तिने पत्र दोनदा वाचलं, नवऱ्याला फोन केला, मग तालमीच्या खोलीत जाऊन सगळ्यांना सांगितलं.

"एकच वर्ष?" सर म्हणाले. थोडा वेळ गज पुसत राहिले. मग, कुणी ऐकू नये अशा बेताने, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने: "किती वेळ चालल्या होत्या गं, नक्की?"

"मोजल्या नाहीत, सर."

"मोजायला हव्या होत्या. अहवालात घालता आलं असतं."

कोपऱ्यात टिकली चेलोच्या रिकाम्या पेटीत बसून पाव खात होती. पेटीचं झाकण पडू नये म्हणून आईने तिथे खुर्ची अडकवली आणि नवं पत्रक टाइप करायला बसली.