तक्रार वाचणारी

पाणीपुरवठा ऑफिसच्या वेबसाइटवर लोक तक्रारी लिहीत आणि त्या तिथेच कुजत पडत. नवीन आलेल्या ताईंनी मात्र पहिल्याच आठवड्यात एकेक उघडून वाचायला घेतली. त्यांची आई मरेपर्यंत कोरड्या नळापायी अशाच तक्रारी लिहीत होती. काळं कुत्रंही फिरकलं नव्हतं.

शेजारच्या टेबलावरून टोमणा आला, "ताई, लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजताय?"

ताईंनी गढूळ पाण्याची एक जुनी तक्रार उघडली, वाचली, पुढे पाठवली. दोन दिवसांनी त्यांच्याच लॉगिनवरून सगळ्या ग्राहकांची माहिती चोरीला गेली.

साहेबांच्या केबिनमध्ये प्रोग्रामरने उलगडून सांगितलं. "कुणीतरी वर्षापूर्वी त्या तक्रारीत कोड लपवून ठेवला होता. आपल्या वेबसाइटचं पान तो नुसता मजकूर म्हणून दाखवत नाही, हुकूम समजून चालवतं. मग तक्रार उघडणाऱ्याचं लॉगिन थेट चोराच्या हातात."

"मग वर्षभर काहीच कसं झालं नाही?" साहेब कडाडले.

प्रोग्रामर जमिनीकडे बघत म्हणाला, "वर्षभर ती कुणी उघडलीच नाही."

पान दुरुस्त करायला महिना लागणार होता. ताईंना काढायला दुपारही लागली नाही.

"साहेब, ही तर चोर सोडून संन्याशाला फाशी झाली!" ताईंचा आवाज चिरकला.

साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "काही म्हणायचं असेल तर वेबसाइटवर तक्रार लिहा."